वहिनींचे रोडगे आणि माझं नाक

कचेरीत माझ्या जिभेला सगळे टरकून असतात. कुणाचा अर्ज चुकला की मी तोंडावर सांगतो, साहेबांचं चुकलं तरी सांगतो, आणि घरी येताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतो. असा मी, एकाच माणसाशी चार-पाच वर्षं रोज खोटं बोललो. ते माणूस म्हणजे माझी वहिनी.

मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते सांगत बसत नाही. यवतमाळात दादा-वहिनींच्या घरात वरची खोली माझी आणि दोन्ही वेळचं जेवण वहिनींच्या हातचं. साथीच्या वर्षी आम्ही तिघंही तापानं पडलो. दादा आणि मी सावरलो, वहिनीही सावरल्या, पण त्यांचा वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. जिभेला खारट, गोड, तिखट एवढं कळायचं, बाकी सगळं मातीसारखं. वास परत आलाच नाही हे त्यांनी फक्त मला सांगितलं.

"तुमच्या दादाले सांगू नका," त्या म्हणाल्या. "ते उगाच जीव खातीन माहा. आता माहं नाक तुमी, भाऊजी."

तेव्हापासून फोडणी पडली की त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायच्या आणि मी तिथे हजर असायचो. पहिल्याच आठवड्यात मी खरं सांगितलं. भाजी रटरटत होती आणि मी म्हणालो, वहिनी, खोबरं खवट आहे. त्यांनी पातेलं उचललं, मागच्या दारी नेऊन ओतलं आणि मग कितीतरी वेळ ते रिकामं पातेलं घासत बसल्या. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही. दुसऱ्या दिवशी डाळ खाली लागली होती, धुराचा वास पार जिन्यापर्यंत येत होता. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "झक्कास."

ते झक्कास मग कायमचं झालं. दादाचा प्रश्नच नव्हता. दादा वर्तमानपत्र जेवतो, ताटात काय आहे ते त्याला विचारू नये. मी मुकाट्यानं खायचो आणि वहिनींना वाटायचं, वास गेला तरी हात काही गेला नाही. बरेचदा तो खरंच गेलेला नसायचा. पण बरेचदा गेलेला असायचा.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या बालमैत्रिणीचा फोन आला. वहिनींचं माहेर दारव्ह्याजवळ. ही मैत्रीण लग्न होऊन गावातच राहिली, आता तिथला बचत गट चालवते. दारव्ह्याला नव्या पिकाचा खाद्य महोत्सव भरणार होता, गटाला एक दुकान मिळालं होतं आणि रोडगे करायला तिला वहिनीच हव्या होत्या. फोन स्पीकरवर होता. "तुह्यासारखे रोडगे अजून कोणाले जमले नाई वो," ती म्हणाली. "तुह्या हातचे खाल्लेले लोक अजून विचारतेत."

वहिनींचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ की. मीपण येतो."

रोडग्याची गोष्ट अशी आहे की तो दिसत नाही. जाडसर कणीक ओवा, मीठ, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायची, एकावर एक पदर लावून मुठीएवढा गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ठेवायचा आणि वरून गरम राख ओढायची. पुढचं सगळं राखेखाली. काहीजणी काढून वाजवून बघतात, पण वाजतं ते वरचं कवच, पोटात काय आहे ते वाजत नाही. वहिनींच्या माहेरी वासावर काढायचे. वास आला की त्या हात घालायच्या आणि तो रोडगा कधी कच्चा निघायचा नाही. हे मी त्यांच्या लग्नापासून ऐकत आलो आहे.

रविवारी सकाळी आम्ही दारव्ह्याची जीप धरली. दादाचा गुडघा दुखत होता म्हणून तो घरीच राहिला. वहिनी खिडकीशी, मांडीवर ओव्याची पुडी आणि तुपाचा डबा. थंडी नुकती सुरू झाली होती. धुकं रस्त्यावरून उठून शेतात जाऊन बसलं होतं आणि त्यात कुठे धुकं संपतं नि कुठे फुटलेला कापूस सुरू होतो ते कळत नव्हतं. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या शेतांत बगळे नुसते उभे होते. डोळा लागायचा, उघडायचा, आणि दोन्ही वेळा समोर तेच दिसायचं. मला वाटलं, ही जीप अशीच चालत राहावी, दारव्हा येऊच नये. वहिनी मात्र सारखं विचारत होत्या, अजून किती राह्यलं.

महोत्सव शाळेच्या मैदानावर होता. मंडप, ज्वारीच्या कणसांचं तोरण, ध्वनिक्षेपकावर कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणतंय. पण मी आधी नाकानंच आत गेलो. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, तेलात सोडलेली कोथिंबिरीची सांभारवडी, चुलीवर शिजणाऱ्या ज्वारीच्या कण्या, पिकून फुटलेली सीताफळं. मुकुटबनकडून आलेल्या कोलाम आदिवासी बायका मोहफुलांचे लाडू घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढून जाताना तो दाट गोड वास अंगावर पांघरुणासारखा यायचा. मी पाच-सहा वेळा तरी त्या बाजूनं गेलो असेन, लाडू न घेता. ऊन कोवळं होतं, धूर जमिनीलगत तरंगत होता, माणसं त्यातून पाय नसल्यासारखी चालत होती. घटकाभर मी विसरलो की मी कुणाबरोबर आलो आहे आणि कशासाठी.

मग आठवलं. यातलं काहीही वहिनींपर्यंत पोचत नव्हतं. मला स्वतःच्या सुखाची लाज वाटली आणि मी परत फिरलो.

गटाचं दुकान मैदानाच्या कडेला, चिंचेखाली. वहिनींनी पदर खोचला होता. मैत्रीण एकीकडे वांग्याची भाजी ढवळत होती, दुसरीकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की आमच्या गावची लेक आली हाय, रोडगे तिचे. पुढे माणसं जमली होती. राखेचा ढीग तयार होता आणि वहिनींनी त्याच्यावरून माझ्याकडे पाहिलं, घरी दाराकडे बघतात तसंच.

"झाले काय, भाऊजी?"

मला वास येत होता. कच्च्या पिठाचा, ओला, पांढरा वास, त्यात नुसता धूर मिसळलेला. मला पक्कं कळलं होतं. पण माणसं ताटल्या धरून उभी होती, मैत्रीण "काढ वो आता" म्हणत होती, वहिनींच्या कपाळावर घाम होता आणि त्या हसत होत्या. तोंडाला सवय झाली होती.

"झक्कास," मी म्हणालो.

पहिली ताटली एका म्हाताऱ्या चाचांना गेली. दारव्ह्यात पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, हाताच्या रेषांत ऑइल मुरलेलं, आणि मैत्रीण म्हणाली की वहिनींच्या वडिलांची मोटारही तेच बांधून द्यायचे. त्यांनी रोडगा फोडला, तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. बाजूला होऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं ते वहिनींना म्हणाले, "बेटी, बुरा मत मानना. अंदर से कच्चा रह गया."

वहिनींनी त्यांच्या ताटलीतला रोडगा उचलला. मधला भाग बोटानं दाबला. पीठ बोटाला चिकटून आलं.

"घाईत होते असं कधी कधी," मैत्रीण म्हणाली.

वहिनी उठून माझ्याजवळ आल्या. बोट तसंच पुढे धरलेलं.

"तुमाले वास आला नव्हता काय?"

"आला होता."

"कायचा?"

"कच्च्या पिठाचा."

"मंग?"

ध्वनिक्षेपकावर कुणाला तरी बक्षीस घ्यायला बोलावत होते.

"आजच," वहिनींनी विचारलं, "का रोजच?"

त्या धुरात आणखी एक खोटं सहज खपलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुरानं आलं आहे असं दोघांनाही म्हणता आलं असतं. "रोजच," मी म्हणालो. "खोबरं खवट निघालं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मला वाटलं त्या आता पिशवी उचलतील. मैत्रिणीलाही काहीतरी दिसलं असावं, कारण ती म्हणाली, तू बस जराशी, बाकीचे मी काढते. वहिनींनी मानेनंच नाही म्हटलं. न फोडलेले रोडगे एकेक करून पुन्हा राखेत पुरले, नव्या गोवऱ्या लावल्या आणि चाचांना म्हणाल्या, "थांबा चाचा. जाऊ नका." मग मला म्हणाल्या, "तुमी समोर बसा. इथं, राखेजवळ."

मी बसलो, कचेरीतल्या इस्त्रीच्या पँटसकट, जमिनीवर. त्या पलीकडे. मध्ये ती राख. नुसती राख बघत बसलं की काही वेळानं सगळं लांब जातं. मैदानातले आवाज पाण्याखालून आल्यासारखे येऊ लागले. आधी पिठाचाच वास होता. वहिनी म्हणाल्या, आता? मी म्हणालो, नाही. मग ओवा जागा झाला. आता? नाही. लोक चुळबुळ करू लागले, दोघं-तिघं ताटल्या ठेवून निघून गेले, मैत्रीण माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. आता? अजून नाही, वहिनी. एवढ्या वेळा नाही म्हणायला मला फार जड गेलं. दर वेळी त्यांचा चेहरा पातेलं घासताना होता तसाच व्हायचा, आणि दर वेळी त्या पुन्हा विचारायच्या.

मग राखेतून भाजलेल्या गव्हाचा वास आला. आधी एक झुळूक, मग सरळ, उबदार, पोटात उतरणारा. मला लहानपणची भूक लागली.

"आता," मी म्हणालो.

त्यांनी उघड्या बोटांनी राखेत हात घातला. फडक्यानं पुसून रोडगा फोडला, आत बघितलं, तूप सोडलं आणि चाचांपुढे धरला. चाचांनी तो सावकाश खाल्ला, बोटं चाटली. "एक और," ते म्हणाले. वहिनी वळून दुसरा काढायला वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

परतीच्या जीपमध्ये बसलो तेव्हा उन्हं कलली होती. कापसावर तांबूस उजेड पडला होता. सकाळसारखंच सगळं तरंगत होतं, पण मला झोप येत नव्हती, कारण वहिनी विचारत होत्या.

"दिवाळीचा चिवडा?"

"खोबऱ्याचे काप करपले होते."

"माह्या भावाले केलती ती गोळ्याची कढी?"

"ताक जुनं होतं. वास येत होता."

"त्याच्यासमोर तुमी दोनदा घेतली."

"घेतली."

अशा त्या एकेक पदार्थ काढत राहिल्या, सणावाराचे, पाहुण्यांचे, साध्या मंगळवारचे, आणि मी सांगत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "अन् आखाडीच्या पुरणपोळ्या?"

मी मोठ्या आनंदानं म्हणालो, "त्या खरंच चांगल्या झाल्या होत्या, वहिनी. अगदी पूर्वीसारख्या. शपथेवर सांगतो."

"शपथ नका घेऊ," त्या म्हणाल्या. "आता हे मी कसं मानू?"

मी त्यांच्या वाईट भाज्या तेवढ्या झाकतोय असं समजत होतो. चांगल्याही मीच बुडवल्या होत्या.

"चाचानं दुसरा मांगून घेतला," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "तेवढंच मले खरं वाटते."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दादानं वर्तमानपत्राआडून विचारलं, कसे झाले रोडगे. वहिनी म्हणाल्या, पहिले कच्चे होते, मंग बरे झाले. दादा वर बघेपर्यंत त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी जिन्यात बसून राहिलो. वर जायचं धाडस होत नव्हतं आणि दाराशी जायचंही. आतून कढई ठेवल्याचा आवाज आला, मग तेल, मग मोहरी तडतडली. मला हाक आली नाही. वास मात्र माझ्यापर्यंत आलाच.

मी उठून दाराशी गेलो. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"हिंग जास्त पडला, वहिनी," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. मागे न वळता त्यांनी विचारलं, "किती?"