सुटलेली शाळा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, जमिनीच्या वादातल्या मारामाऱ्या, नोकरीत पुष्कळ पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. मुळशी तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण मात्र मनातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं आणि वर्तमानपत्रात त्याची एक ओळही आली नाही. मी कुणाचं नाव घेणार नाही. त्या वेळची मुलं आता आपापल्या संसाराला लागली असतील.

दोन हजार पाचच्या आसपासचा काळ. सहायक पोलीस निरीक्षक म्हणून मी ठाण्याचा प्रभारी होतो. हिंजवडीकडे कंपन्यांच्या इमारती उठत होत्या, बावधनपर्यंत शहर येऊन ठेपलं होतं आणि आमच्याकडे रोज कुणीतरी बांधावरून भांडून यायचं. माझी बायको आणि मुलगी कोल्हापुरात होत्या. बदल्यांच्या नोकरीत मुलीच्या शाळेचे हाल नकोत म्हणून आम्हीच तसं ठरवलं होतं. संध्याकाळची हजेरी आटोपली की मी मुलीला फोन करायचो. शाळा कशी चाललीय विचारायचो, ती ‘छान’ म्हणायची. त्या एका शब्दावर दुसरा दिवस काढायचा.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका अपघाताच्या कागदपत्रांसाठी मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. काम झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी मला थांबवून घेतलं. त्यांच्याकडे एकाच शाळेतल्या काही मुली लागोपाठ आल्या होत्या. सगळ्यांची तक्रार एकच, लघवीची जळजळ. विचारल्यावर कळलं की त्या शाळेत दिवसभर पाणीच पीत नाहीत, मुतारीकडे जावं लागू नये म्हणून. मुतारी घाण असते का, असं बाईंनी विचारलं तर मुली नाही म्हणाल्या आणि पुढे गप्प झाल्या.

“मी गोळ्या देतेय,” त्या म्हणाल्या, “पण हे माझ्या गोळ्यांनी बरं होणारं दिसत नाही. तुम्ही एकदा बघा.”

तक्रारदार नाही, फिर्याद नाही, गुन्हा काय तेही माहीत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. शाळा त्यांनी कष्टानं उभी केली होती आणि तिला बोल लागेल या भीतीनं ते धास्तावले. मुलं आहेत, थोडीफार थट्टामस्करी चालायचीच, पोलीस आले हे गावात कळलं तर लोक मुलींना काढून घेतील, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आमची एक बाई साध्या साडीत येईल आणि मुलींशी नुसती बोलेल, एवढ्यावर त्यांनी होकार दिला.

आमच्या महिला हवालदार त्याच तालुक्यातल्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. त्या मधल्या सुट्टीत मुलींबरोबर डबा खायला बसल्या. मुतारीची वाट सायकल स्टँडच्या मागून जाते आणि दहावीतली चार-पाच मुलं सुट्टीभर तिथेच उभी असतात, हे त्यांनी पाहिलं. मुली तिथवर जायच्या, मुलं दिसली की वळून परत यायच्या. मुलं मोठमोठ्यानं हसायची. हवालदारबाईंनी काही मुलींना आडून विचारून पाहिलं. सगळ्या मान खाली घालून भाकरी मोडत राहिल्या. उठताना एक जण एवढंच बोलली, “आमी न्हाई सांगणार. जिनं सांगितलं तिची शाळा सुटली.”

हजेरीपटावरून शोध लागला. जिची शाळा सुटली होती ती नववीत होती. तिची वाडी धरणाच्या वरच्या अंगाला होती. आम्ही जीप खाली उभी करून चढून गेलो. मीही गणवेश घातला नव्हता. खळ्यात भात झोडायचं काम चाललं होतं. मुलगी पेंढ्या उचलून देत होती. अंगात शाळेचाच ड्रेस होता, बाह्यांना तूस चिकटलेलं. वडिलांनी आम्हाला पाणी दिलं आणि मुलीला आत जायला सांगितलं.

“आमची काय बी तक्रार न्हाई, सायेब,” ते म्हणाले. “पोरगी घरी हाय, बरी हाय. पाव्हणे बगून गेल्यात. माघात उरकून टाकू.”

मी कायद्यातलं वय सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हवालदारबाई जवळून जाताना तिनं हळूच विचारलं, “मावशी, इज्ञान कुटवर आलंय?”

बाईंना ते माहीत नव्हतं. ‘इचारून सांगते’ म्हणाल्या.

मी पोलिसी नजरेनं विचार करत होतो. जबाब कसा मिळवायचा, बापाला कसं वळवायचं. हवालदारबाईंनी दुसऱ्या दिवशी सरळ शाळेत जाऊन नववीच्या शिक्षकांना विचारलं आणि दुपारच्या एसटीनं पुन्हा वाडी गाठली. मुलगी विहिरीवर भेटली. बाईंनी तिला सांगितलं की प्रकाशाचा धडा संपला, आता विजेचा चालू झालाय, आणि प्रयोगाला सरांनी बॅटरीचे सेल आणले होते. ती बराच वेळ रडली. मग बोलली.

ती मुलं मुलींची वाट अडवायची. ओढणी ओढायची, घाण बोलायची, गर्दी करून अंगाला हात लावायची. ही एकटी अशी निघाली की सरांना सांगते म्हणाली. त्यावर त्यांच्यातल्या म्होरक्यानं खिशातला मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. तुझा फोटो काढलाय, तोंड उघडलंस तर गावभर दाखवीन, असं तो म्हणाला. तिनं तरीही घरी आईला सांगितलं. वडिलांनी फोटोचं ऐकलं आणि त्या दिवसापासून दप्तर माळ्यावर गेलं.

त्या मुलाच्या घरची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली होती, त्यामुळे त्याच्या हातात तेव्हा मोबाइल होता. तो अठराच्या आतला, म्हणून त्याला ठाण्यात बोलावलं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्याच्या वडिलांसमोर बसवलं. त्यानं सुरुवातीला सगळंच नाकारलं. मुलांवर आवाज चढवला की ती एक तर रडतात नाहीतर खोटं घट्ट धरून बसतात, हा माझा अनुभव. म्हणून मी मोबाइलविषयीच बोलत बसलो. कुठे घेतला, काय काय आहे त्यात. तो खुलला. मी बघायला मागितला आणि उलटसुलट करून पाहिला. कॅमेऱ्याचे मोबाइल तेव्हा नुकतेच येत होते. याच्या मोबाइलला कॅमेराच नव्हता.

“मग फोटो कशानं काढलास?” मी विचारलं.

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, “काढलाच नव्हता. नुसतं म्हणालो. घाबरवायला.”

त्याच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे तसं काही झालंच नाही की साहेब, असं ते हसत म्हणाले.

मी म्हणालो, “फोटो खोटा होता. हात खरा होता. आणि ती मुलगी घरात बसलीय, तेही खरं आहे.”

मुलानं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून विचारलं, ती त्यामुळे येत नाही का? त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं केलेल्याचा भार त्यामुळे कमी होत नव्हता, पण तो प्रश्न माझ्या लक्षात राहिला.

त्याच दुपारी आम्ही वाडीवर गेलो. वडिलांना सांगितलं तेव्हा ते पेंढ्याच्या ढिगावर बसले. “फोटू नव्हताच?” त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, “नसल्याल्या फोटूपायी म्या पोरीला घरात घातली.”

फोटो असता तरी त्यात मुलीचा दोष काय होता, असं मी त्यांना विचारलं. ते उठले, माळ्यावरून दप्तर काढलं आणि झटकून ओसरीवर ठेवलं. मुलगी आईच्या मागे उभी होती. त्या मुलांचं काय करणार, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, “मी उद्या जाऊ का?”

पुढची कारवाई रीतसर झाली. हवालदारबाईंनी घरीच, आईसमोर तिचा जबाब घेतला. एक बोलली म्हटल्यावर आणखी मुली बोलल्या. विनयभंगाचा गुन्हा नोंदवून मुलांना पुण्याला बाल न्याय मंडळापुढे हजर केलं. मंडळानं त्यांना परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवलं. मुख्याध्यापकांनी सायकल स्टँड पुढच्या फाटकाशी हलवला आणि मधल्या सुट्टीत मागच्या बाजूला एका शिक्षिकेला नेमलं. त्रास झाला तर कुणाकडे यायचं आणि आलेल्या मुलीचं नाव बाहेर जाणार नाही, हे त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांसमोर सांगितलं. पाव्हण्यांना वडिलांनी स्वतः नकाराचा निरोप धाडला.

शाळेतला असा त्रास ठाण्यात फिर्याद होऊन येत नाही, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. तो दवाखान्यात जातो, हजेरीत गैरहजेरी होऊन बसतो, मुलगी रोजची वाट बदलते त्यात दिसतो. आणि मुलगी गप्प असते ती दर वेळी लाजेपोटी नसते. बोललं तर आपल्याकडचं सगळ्यात लाडकं काय काढून घेतलं जाईल, हे तिला नीट ठाऊक असतं. ते जाणार नाही याची खात्री आधी द्यावी लागते. काय झालं ते मग ती आपणहून सांगते.

मुलगी शाळेत परतली त्या संध्याकाळी मी कोल्हापूरला फोन केला. शाळा कशी चाललीय, असं न विचारता मधल्या सुट्टीत कुठे बसतेस, कुणाबरोबर, वाटेत कोण भेटतं, असं विचारत गेलो. ती सांगत राहिली. शेवटी म्हणाली, “बाबा, तुम्ही इथं असता तर दाखवलं असतं सगळं.” फोन ठेवल्यावर मी क्वार्टरच्या पायरीवर बसून होतो. तिच्या शाळेचं फाटक मी कधी पाहिलंही नव्हतं.

पुढल्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. ती मुलगी दहावी पास झाली आणि पुण्यात कॉलेजला लागली, हे हवालदारबाईंनी फोनवर कळवलं. नंतर बाई निवृत्त झाल्या, मग गेल्या, आणि तिकडची खबर देणारं कुणी उरलं नाही.

अजूनही त्या बाजूला गेलो की एसटी थांब्यावरच्या बायकांचे चेहरे न्याहाळतो. ती आता तिशी ओलांडलेली असेल, कदाचित लवळ्याच्या एखाद्या कॉलेजात शिकवतही असेल. एकदा दिसावी असं फार वाटतं. पण दिसलीच तर मी ओळख देणार नाही. माझ्या चेहऱ्यानं तिला ते दिवस आठवायला नकोत. ती तिच्या बसमध्ये चढेपर्यंत रस्त्याच्या अलीकडे उभा राहीन, तेवढं पुरे.