तंबूची तहान

मंडळी, आज दुपारी कूलरमध्ये पाणी ओतताना हात थांबला.

सत्तरच्या दशकातला दुष्काळी उन्हाळा आठवला. शिरपूरजवळ शाळकरी मुलांचं मोठं शिबिर होतं आणि मी तिथे पाणी भरायच्या कामावर होतो. तंबूंवर गोणपाट टाकून ते भिजवायचे, म्हणजे आत गारवा राही. विहीर एकच. आमच्या बादल्या भरेपर्यंत गावातल्या बाया हंडे घेऊन उन्हात थांबायच्या.

एका म्हाताऱ्या अक्कानं विचारलं, "भाऊ, तुमना तंबूले बी तीस लागस का?"

तंबूलाही तहान लागते का! मी हसलो आणि बादली तंबूवरच ओतली.

चार दिवसांत विहिरीत गाळ उरला. आम्ही तंबू गुंडाळून जळगावला परतलो. अक्काचं घर तिथेच होतं.

आज कूलर कोरडाच ठेवलाय. पण त्यानं आता कुणाचा हंडा भरणार, सांगा?