टर्बोची शिट्टी अन् स्टेअरिंगवरचा काटा

आमच्या घरात नकला करायचं खातं माझ्याकडं हाय. शाळेत असताना मी हेडसरांच्या आवाजात भिंतीमागून सुट्टी जाहीर केल्ती, अन् अर्धा वर्ग खरंच दप्तर घेऊन घरी गेल्ता. तवापासून लग्न असो का बारसं, मला मधी उभं करतेत अन् म्हणतेत, "हां, कर आता तुझ्या फुफाजीची." माणसाचं सोडा, मला गाड्यापण येतेत. एसटीचा गियर पडताना जी कुरकुर होती ती, सकाळच्या थंडीत खोकणारी रिक्षा, अन् सगळ्यात भारी म्हणजे आमच्या डिझेल गाडीच्या टर्बोची शिट्टी.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा एक पंखा. पाय दाबला की तो जोरात फिरायला लागतो अन् बारीक शिट्टी निघती. पप्पा ह्या शिट्टीवरच गाडी चालवायचे. आमच्या जुन्या मॉडेलला आरपीएमचा, म्हणजे इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा, काटाच न्हाई, अन् पप्पांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. शिट्टी आली म्हणजे गाडीत दम हाय. न्हाई आली तर खालचा गियर टाका. संपलं शास्त्र. मी लहानपणी बाजूच्या सीटवर बसून तोंडानं खोटी शिट्टी मारायचो, अन् पप्पा फसून वरचा गियर टाकायचे. गाडी धडधडली की कळायचं. मंग रस्त्यावरची नजर न हलवता जी टपली यायची, ती बराबर माझ्या टाळक्यावरच बसायची.

पप्पांची सगळी नोकरी सळईच्या कारखान्यात, म्हणजे रोलिंग मिलमधी गेली. फिटर होते. लालबुंद सळई रोलमधून सटासट निघती, तिथं आवाजच असा की बाजूबाजूला उभी असलेली माणसं हातवाऱ्यानं बोलतेत. घरी आले तरी पहिला अर्धा तास ते ओरडूनच चहा मागायचे. रिटायर झाले, घर शांत झालं, अन् त्या शांततेत त्यांचे कान कधी गेले कुणाला कळलंच न्हाई.

मला कळलं. तेपण नकलेमुळंच.

एकदा जेवणं झाल्यावर मी आमच्या दूधवाल्याची नक्कल करून राह्यल्तो. आई डोळ्याला पदर लावून हसू राह्यली, पप्पापण हसू राह्यले. पण नकला करणाराचं तोंड काही करू द्या, डोळे असतेत गिऱ्हाइकावर. मी बघितलं, पप्पा माझ्याकडं बघतच न्हाईत. ते आईच्या तोंडाकडं बघतेत. आई हसली की मंग ते हसतेत. मला शंका आली. मी आवाजच बंद केला, नुसते ओठ हलवले अन् आईला डोळा मारला. आई खुदकन हसली.

पप्पापण हसले.

त्या दिवशी दूधवाला तिथंच अर्धा राहिला.

डॉक्टरला दाखवलं, कानाचं मशीन आणलं. घरात ते लावायचे, पण नकलेतले बारीक आवाज त्याच्यातूनपण कळत नव्हते. गाडीत न्हाई. "वारा सुटला की कानात कुणी कढई बडवल्यावानी होतं," म्हणायचे. डॉक्टरनी सांगितलं, गाडी चालवायला हरकत न्हाई, फक्त आरसे बघत चालवा. आरसे ते आधीपासूनच बघायचे. पण शिट्टी आरशात दिसत न्हाई ना.

जालन्याहून अंबडकडं जाताना एक चढ लागतो. मावशी अंबडला ऱ्हाते, त्यामुळं तो चढ आमच्या घरच्यासारखा. एक दिवस पप्पांनी चौथ्या गियरमधीच गाडी त्याच्यावर घातली. शिट्टी न्हाई, दम न्हाई, अन् पप्पांना पत्ताच न्हाई. पाय दाबून राह्यले. गाडी थरथरली, काळा धूर सोडला अन् ऐन चढावर बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर. तो हॉर्न मारून मारून थकला. आईनं मागच्या सीटवरून पप्पांच्या खांद्याला असं धरलं, जसं विहिरीत वाकलेल्या माणसाला धरतेत.

घरी आल्यावर आईनं चपला काढल्या अन् मंग बोलली.

"गाडी विकून टाका."

मावशीच्या ओळखीत एक जण गाडी घ्यायला तयारच होता. सोमवारी बघायला येतो म्हणाला. पप्पा नुसतं "बरं" म्हणले. जो माणूस भाजीवाल्याशी एका कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालतो, तो गाडीवर "बरं" म्हणला! चावी खिळ्याला टांगली ती टांगलीच. रोज सकाळी खाली जायचे, फडक्यानं काच पुसायचे, अन् न बसता वर यायचे. कोथिंबिरीवरची हुज्जतपण बंद झाली.

आईची भीती खोटी न्हवती. पण पप्पा असे पुसलेल्या पाटीवानी बसलेले मला बघवेनात.

मंग माझ्या डोक्यात आलं. जुन्या जालन्यात एक चाचा हायेत, डिझेल गाड्यांचे मिस्त्री. त्यांच्याकडं हौशी पोरं गाडीला बूस्ट मीटर लावून घेतेत. टर्बो किती हवा कोंबून राह्यला ते त्याच्या काट्यावर दिसतं. म्हणजे शिट्टी वर, काटा वर. जे कानाला येईना ते डोळ्याला दाखवायचं. मी चाचाकडं गेलो.

"बूस्ट मीटर? कायकू?" चाचानी मला वरून खाली बघितलं. "रेस लगाने का इरादा है क्या, जालने से अंबड?"

"मेरे कू न्हाई, पप्पा कू."

"अब्बा रेस लगाते?"

मी सगळं सांगितलं. चाचांचा हात पुसता पुसता थांबला.

"मेरे कू बेअरिंग खींचना किनने सिखाया मालूम? तेरे बाप ने. लेके आ उनकू. उनके बिना मीटर नक्को लगाना. बैठनेवाला वो है, नाप तेरा लूँ क्या?"

पप्पांना तिथं न्यायला मला खोटं बोलावं लागलं. म्हणलं, विकायच्या आधी चाचाला एक बार दाखवू. पप्पा आले, अन् लांब उभे राहिले. हात मागं, तोंड असं की जणू सोमवार उजाडला अन् गाडी गेली.

चाचानी बोनट उघडलं. टर्बोकडून इंजिनाकडं हवा जाती, तिथला एक बारीक पाइप कापून मधी टी, म्हणजे तीन तोंडाचा जोड, बसवला. टीच्या तिसऱ्या तोंडाला मऊ रबरी नळी. ती नळी बोनटच्या मागच्या भोकातून आत घ्यायची अन् स्टेअरिंगखालून वर काढायची. हौशी पोरं मीटर काचेच्या बाजूच्या खांबावर लावतेत, मित्रांना दिसावं म्हणून. मला तो पप्पांच्या नाकासमोर पाहिजे होता, थेट स्टेअरिंगच्या चाकामागच्या दांड्यावर. मी ड्रिल उचललं.

चाचा केवढ्यानं ओरडले. "ए मियाँ! कॉलम में स्क्रू नक्को मार! अंदर वायरों का पूरा खानदान रहता! पट्टा लगाते पट्टा."

तेवढ्यात मागून आवाज आला. "उस्ताद, टीला क्लिप एकच काहून लावली?"

पप्पा बोनटपाशी आल्ते, कानात मशीन घालून.

"दूसरी लगा रा भाऊ, सबर करो."

"सबर करून हवा गळती. पाना दे इकडं."

मी अन् चाचा एकमेकांकडं बघतच राहिलो. पप्पांनी तिन्ही तोंडाच्या क्लिपा स्वतः आवळल्या. मंग चाचानी दांड्याभोवती पट्टा घालून मीटर बसवला अन् पप्पांना सीटवर बसवलं. पप्पा बसले, अन् उतरले. डिकीतून आपली घडी घातलेली सतरंजी काढली, ती सीटवर टाकली, परत बसले. स्टेअरिंगच्या चाकाची एक दांडी मीटरच्या बराबर आडवी येऊन राह्यल्ती. पप्पांनी खडू मागितला. स्टेअरिंग सरळ धरलं, एक डोळा मिटला, अन् दांड्यावर दोन रेघा मारल्या. "ह्याच्यात बसव."

गाडी सुरू केली, गल्लीच्या बाहेर काढली, पाय दाबला. काटा उठला. पप्पांनी पाय सोडला, काटा बसला. परत दाबला, परत उठला. चार बार केलं. तोंडावर काही दिसू दिलं न्हाई, पण घरी जाताना उगंच लांबून फिरवून आणली.

आईनं ऐकून घेतलं अन् अट घातली. "शनिवारी मला अन् तुझ्या मावशीला जांब समर्थला दर्शनाला जायचंय. ह्या घड्याळासकट घेऊन चला. एक बार जरी गाडी थरथरली, तर सोमवारी चावी त्या माणसाच्या हातात."

"घड्याळ न्हाई गं, मीटर हाय."

"काटा हाय, काच हाय. घड्याळच हाय."

मंग ताट घेऊन खाली आली. हळद, कुंकू, एक फूल, अन् काळा दोरा. आमच्या घरात दोरा बांधल्याशिवाय कोणतीच नवी वस्तू आपली होत न्हाई. मिक्सरला हाय, गिझरला हाय, माझ्या मोबाइलच्या चार्जरलापण होता. मीटरच्या काचेवर कुंकवाचं बोट लागलं, ते मी फक्त एवढंच पुसलं की आकडे दिसावेत.

शनिवारी सकाळी निघालो. पप्पा सतरंजीवर, मी बाजूला, आई मागं. रस्ता मोकळा झाला, पप्पांनी पाय दाबला.

काटा शून्यावर.

पप्पांनी खालचा गियर टाकला. काटा शून्यावर. आणखी खालचा टाकला. इंजिन बोंबलायला लागलं, काटा आपला झोपलेला. मला शिट्टी साफ ऐकू येऊ राह्यल्ती. टर्बो एकदम ठणठणीत, बिघाड मीटरमधीच होता.

"गाडी काहून रडू राह्यली?" आई मागून.

मी पप्पांच्या डोळ्यासमोर हात नेऊन बोटानं खूण केली. शिट्टी हाय, वरचा टाका. त्यांनी टाकला न्हाई. पुढं तो चढ दिसून राह्यल्ता. मी माझा हातच काट्यावानी धरला, शिट्टी चढली की हात वर, उतरली की खाली. म्हणलं, आजच्या दिवस ह्याच्यावर चालवा.

पप्पांनी गाडी बाजूला घेतली, थांबवली.

"तू काय जलमभर बाजूला बसणार हाय का?"

मी हात खाली घेतला.

उतरले. बोनट उघडलं. टी बघितला, क्लिपा बघितल्या, पक्क्या होत्या. मंग नळीवर दोन बोटं ठेवली अन् वैद्यानं नाडी बघावी तशी ती बोटं सरकवत सरकवत चालले. बोनटपासून भोकापर्यंत. आत येऊन, रस्त्यावर गुडघे टेकून, स्टेअरिंगखाली डोकं घालून, पायडलपासून वर. मीटरच्या जरा खाली बोटं थांबली.

तिथं काळा दोरा होता. सात वेढे. वर गाठ. मऊ नळी दोऱ्याखाली अशी चेपली होती, जशी मांजरीच्या तोंडात पिल्लाची मान.

आई खिडकीतून वाकून बघू राह्यली. तिचं तोंड एवढंसं झालं.

"लई घट्ट झाला काय?"

माझ्या जिभेवर पाच विनोद आल्ते. पप्पांनी माझ्याकडं बघितलं अन् मी पाचही गिळले. त्यांनी किल्लीच्या टोकानं गाठ सोडली. दोन-तीन मिनिटं लागली सुटायला.

"तू मिलमधी पाहिजे होतीस," ते आईला म्हणले. "एक पट्टा निसटला नसता."

दोरा त्यांनी फेकला न्हाई. वरच्या आरशाच्या दांडीला बांधला, सात वेढे मोजून, आईला दाखवून. नळी बोटानं चोळून गोल केली अन् गाडी सुरू केली.

चढ आला. चौथा गियर होता. पाय दाबला, काटा जरासा हलला अन् बसला. पप्पांनी लगेच तिसरा टाकला. काटा उठला. सात, दहा, चौदा. तिथंच थांबला. गाडी चढ अशी चढली जशी वरून कुणी ओढून राह्यलंय. मी मागं बघायचं टाळलं.

मंग मला एक आवाज आला. बारीक, फुस्स फुस्स करणारा, दातातून निघणारा. आधी वाटलं, नळी कुठंतरी गळून राह्यली. बघतो तर पप्पा. काट्यावर नजर टाकत ओठांनी टर्बोची शिट्टी मारू राह्यल्ते. काटा वर, शिट्टी वर. खऱ्या शिट्टीपेक्षा दोन पट्ट्या खाली अन् चांगली अर्ध्या सेकंदानं उशिरा. त्यांना खरी ऐकू येतच नव्हती, ते आठवणीतली मारून राह्यल्ते. मी ह्या धंद्यातला माणूस, चूक सांगायला तोंड उघडलं होतं. परत मिटलं.

अंबडला मावशी बसली. घनसावंगीच्या पुढं मी आईला काहीतरी विचारायला वळलो तर मावशीनं ओठावर बोट ठेवलं. आई झोपल्ती. तोंड थोडं उघडं, डोकं मावशीच्या खांद्यावर. पप्पांनी आरशात बघितलं. दोऱ्याच्या खालून. अन् गाडी आणखी सावकाश घेतली.

सोमवारी तो माणूस आला. आईनं त्याला चहा दिला, पोहे दिले, अन् म्हणाली, "भाऊ, माफ करा. गाडीला दोरा बांधून झालाय, आता देता यायची न्हाई." त्याला ते पटलंपण. आमच्याकडं असं पटतं.

परवा घरी पाहुणे आल्ते. मला मधी उभं केलं. मी पप्पांचीच नक्कल केली. सतरंजी झटकली, बसलो, एक डोळा मिटला, खडूनं रेघा मारल्या. अन् ह्या बारीला मी आणखी एक गोष्ट केली. दातातून शिट्टी सुरू केली तसा उजव्या हाताचं बोट काट्यावानी समोर धरलं अन् शिट्टीसंगं वर वर नेलं.

पप्पा माझ्याकडं बघून राह्यल्ते. बोट चौदावर पोचलं अन् ते हसले. आई अजून हसायची होती.