एस्थरबाय खुर्चीवरून उठली तेव्हा

रोह्याजवळच्या त्या गावात यहुद्यांचं एकच घर उरलंय, एस्थरबायचं. लेकरं कधीच इस्रायलला गेली, पण म्हातारी इथून हलेल तर शपथ! शनिवारी तिचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. त्या दिवशी ती विस्तवाला हात लावत नाही. कातकरवाडीवरची बायजा येते, गॅस पेटवते, चहा टाकते. कैक वर्षं असंच चाललंय.

या बायजाच्या पोरावर, सखावर, शेतातला पंप रातोरात चोरल्याचा आळ आला. पुरावा कसला डोंबलाचा! कातकरी आहे, एवढंच पुरलं. गावानं पाच पंच नेमले, त्यात वाडीवरचं एकही माणूस नाही. पाचवी एस्थरबाय. "तू कुणाचीच नायस, म्हणून तू बरी," सरपंच आदेशनं सांगितलं. कुणाचीच नाही? जन्म इथला, आईबाप इथल्याच मातीत! म्हातारीला हे लागलं. तरी ती गेली, कारण पंचांनी दोषी म्हटलं की सखाला पोलिसांच्या हवाली करणार होते.

मारुतीच्या पारापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. सखा मान खाली घालून उभा, बायजा लांब झाडाखाली. बैठक सुरू झाली आणि एस्थरबाय उठली.

"मला नाय जमायचं. सखा मला नातवासारखा, मी त्याचीच बाजू घेणार. हर्षद, पंचांतनं तूबी ऊठ. पंप तुझ्या सख्ख्या मामाचा हाय."

"आजी, पण..."

"पणबिण काय नाय. ऊठ! आन् या दोन खुर्च्यांवर वाडीवरची माणसं बसवा. नायतर कसला न्याय, नुसता तमाशा!"

हर्षद लालबुंद होऊन उठला. बरीच कुरकुर झाली, पण शेवटी वाडीवरची म्हातारी मालू आणि निकेश बसले. मालूनं तोवर कुणीच न विचारलेलं विचारलं, "सखा, त्या रातीला तू व्हतास कुठं?"

"पेणला, रामवाडीत. प्रविणशेठच्या टेम्पोवर विटा उतरवायला."

तिथंच प्रविणला फोन लावला. "व्हय, त्या राती मुक्कामालाबी माझ्याकडंच व्हता," स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. सखा सुटला.

शनिवारी बायजा आली. काडी ओढून तिनं गॅस पेटवला, चहा टाकला.

"बाय, तू उठलीस ना, तवा मला वाटलं, आपलं एक माणूस व्हतं, तेबी गेलं."

एस्थरबायचे डोळे भरून आले. बायजा आपला कप घेऊन नेहमीसारखी उंबऱ्याकडे निघाली. इतकी वर्षं ती तिथंच बसून चहा पीत आली होती, आणि आपल्याला ते कधी दिसलंच नाही! म्हातारीला स्वतःचाच राग आला. तिनं शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"तिकडं नको. इथं बस गो."

बायजा बसली.