बसून केलेला संसार

मला ती भूमिका मिळाली तेव्हा मी मांडी घालून बसले होते. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या हौशी मंडळाचं वाचन होतं. दिग्दर्शक नवे होते. व्यवसाय बांधकामाचा, नाद नाटकाचा. ते आले तोवर आम्ही सगळे सतरंजीवर गोल करून बसलो होतो. नाटक एका जोडप्याचं होतं. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली दोघं वेगळं व्हायचं ठरवतात आणि त्या एका संध्याकाळी घरात काय काय बोलतात, एवढीच गोष्ट. दिग्दर्शकांनी एकेकाला वाचायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसले. शेवटी डोळे उघडून माझ्याकडे आणि समोरच्या एका तरुणाकडे बोट करून म्हणाले, "ही बायको. हा नवरा. ठरलं."

टाळ्या झाल्या. मग चहा आला म्हणून सगळे उठले.

मीही उठले. म्हणजे उठायला लागले. मला जरा वेळ लागतो. दिग्दर्शकांची नजर माझ्याबरोबर वर वर येत गेली, चेहऱ्यावरचं हसू मात्र खालीच राहिलं. मी पाच फूट अकरा इंच आहे. माझा नुकताच ठरलेला नवरा समोर उठला आणि जवळजवळ लगेचच उठून झाला. त्याचं डोकं माझ्या खांद्याशी येत होतं.

दिग्दर्शकांनी चहाचा घोट घेतला, आम्हाला दोघांना शेजारी उभं केलं, लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. "स्लॅब पडलाय," ते स्वतःशीच म्हणाले. "आता कॉलम हलवता येणार नाही."

खरं सांगायचं तर मला धक्का त्यांच्यापेक्षा जास्त बसला होता. मुलींच्या शाळेत असल्यापासून मी फक्त राजे, बाप आणि फौजदार केले होते. आयुष्यात साडी नेसण्याआधी मी मिशी लावली आहे. पुढे मंडळात आल्यावर तुरुंगातली वॉर्डन झाले, दोनदा खाष्ट सासू झाले आणि एकदा भूत. भुताच्या वेळी तर मला वाचायलासुद्धा लावलं नाही. प्रत्येक प्रयोगानंतर आई म्हणायची, "एकदा तरी साधी बाई हो गं."

नवऱ्याची कहाणी उलट्या बाजूने तीच. तो औषध कंपनीत एमआर होता, दिवसभर डॉक्टरांच्या दाराशी उभा असायचा. आवाज असा, की फोनवर कुणीही त्याला सहा फुटी समजावं. "मी कायम नायकाचा मित्र असतो," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "नाहीतर नोकर. या वेळी बसून वाचलं म्हणून लग्न तरी झालं, ताई."

"बायकोला ताई म्हणतोस?" दिग्दर्शक ओरडले. ते त्याने मोठ्या कष्टाने बंद केलं.

तालमी सुरू झाल्या आणि दिग्दर्शकांच्या खिशातली मोजायची टेप बाहेर आली. पहिला उपाय बुटांचा. ओळखीच्या चांभाराकडून त्यांनी नवऱ्यासाठी जाड टाचांचे आणि आत उंचवटा घातलेले बूट करून घेतले. ते घालून तो उंच झाला, पण चिखलातून चालल्यासारखा चालायला लागला. "मला तुझी काळजी वाटते" हे वाक्य म्हणत माझ्याकडे येताना त्याचा पाय मुरगळला आणि काळजी मलाच घ्यावी लागली.

दुसरा उपाय माझ्यावर. "साडीच्या आत गुडघे वाकव," दिग्दर्शक म्हणाले. "निऱ्यांत काय चाललंय ते कुणाला कळणार आहे?"

मी वाकवले. उंची कमी झाली, पण मांड्या थरथरायला लागल्या आणि प्रेमाच्या प्रसंगात माझ्या चेहऱ्यावर अशी वेदना उमटली, की हॉलचा वॉचमन पाणी घेऊन आला.

मग दिग्दर्शकांनी शेवटचा उपाय काढला आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. दोघांनी एकत्र उभं राहायचंच नाही. तो उभा असेल तेव्हा मी सोफ्यावर. मला चालायचं असेल तर आधी तो आत जाणार. भाजी निवडणं, घड्या घालणं, भांडणं, रडणं, सगळं मी बसून. माझा अख्खा संसार बैठा झाला. नवरा एकदा हळूच म्हणाला, "हे बघ, आपण घटस्फोट घेतोय की तुला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय?" मी हसले, पण तोही पूर्ण हसत नव्हता. ते बूट त्याने बॅगेत तळाशी ठेवले होते आणि त्यांच्याविषयी बोलणं टाळायचा.

पहिला प्रयोग चांदवडला होता. दुपारचा, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. मुलं तर होतीच, पण आजूबाजूच्या गावांतल्या बायकाही बऱ्याच आल्या होत्या. त्यांनी पुढच्या रांगा धरल्या आणि नाटक सुरू झाल्यापासून त्या आमच्या घरातच येऊन बसल्यासारख्या पाहत होत्या. नवऱ्याने कप आपटला तर "आता गं बया!" असा आवाज यायचा.

शेवटाकडे बायको निर्वाणीचं बोलते असा प्रसंग होता. तो खिडकीजवळ उभा, मी अर्थातच सोफ्यावर.

"बस्स झालं," मी म्हणाले. "मी निघाले."

आणि बसून राहिले. पुढच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. तालमीत इतक्या वेळा म्हटलेलं हे वाक्य. त्यात काही चुकतंय हे तोवर आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"या घरात आता एक क्षणही थांबणार नाही," मी आणखी ठासून म्हणाले आणि सोफ्यावर जरा सावरून बसले.

दुसऱ्या रांगेतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "अवो मग उठा की बाई! मगाधरनं नुसत्या बसूनच हायेत!"

सगळा हॉल हशाने फुटला. मी विंगेत पाहिलं. दिग्दर्शक दोन्ही तळहात खाली दाबत होते: बस, बस, बस. पण घर सोडून निघालेली बाई किती वेळ बसणार? मला त्या क्षणी दिग्दर्शकांपेक्षा दुसऱ्या रांगेतल्या बाईचं जास्त पटलं. मी उठले.

"ओहोहो!" मुलांच्या बाजूने आवाज आला. शिट्टीही वाजली. मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मगच मला आठवलं, की पुढचं वाक्य त्याचं आहे आणि ते कोणतं आहे. त्याने ते गाळावं, विसरावं, काहीही करावं असं मला वाटत होतं.

त्याने मान वर केली आणि लिहिलं होतं तेच म्हटलं. "तू मला कायम तुझ्यापेक्षा लहान समजत आलीस."

आता तर हॉल छप्परच उडवायला निघाला. नवरा हलला नाही. लाजला नाही, हसलाही नाही. माझ्याकडे वर पाहत तसाच उभा राहिला आणि हसणं ओसरू दिलं. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला, अगदी हळू. या वेळी कुणी हसलं नाही.

माझं उत्तर होतं, "मी नव्हते समजत. तूच तसा समज करून घेतलास." तालमीत मी ते टोमणा म्हणून मारायचे. त्या दिवशी ते तसं निघेना. खाली त्याच्याकडे पाहत मी ते जवळजवळ समजावल्यासारखं म्हणाले.

पडदा पडल्यावर ती दुसऱ्या रांगेतली बाई आत आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, सोबत सून.

"रागावल्या नाय ना?" तिने विचारलं.

"नाही हो. उलट बरं झालं."

"मला वाटलं पाय दुखत्यात का काय तुमचे." मग नवऱ्याकडे बघत ती खालच्या आवाजात म्हणाली, "मानूस लय चांगला हाय. नका सोडू." मी बरं म्हणाले. इतका कमी काळ टिकलेला संसार मोडल्याचं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

परतताना हायवेवर चहाला थांबलो. नवरा मान चोळत होता. "आयुष्यभर लोक मला वरून बघतात, त्याची सवय आहे," तो म्हणाला. "पण इतका वेळ भांडायला कुणी घेतलं नव्हतं. मान आखडली."

दिग्दर्शकांनी कप खाली ठेवला.

"उठलीस ते बरोबर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण चुकीच्या जागी. 'निघाले' म्हणतानाच उठायला हवं. आणि तू," ते नवऱ्याला म्हणाले, "ते वाक्य दोनदा घेतलंस तसंच ठेव."

पुढचे सगळे प्रयोग आम्ही उभ्याने केले. हशा दर वेळी यायचा. नाशिकला जरा सभ्य, गावांत मोकळा. नवरा तो येऊ द्यायचा, संपू द्यायचा आणि मगच वाक्य पुन्हा घ्यायचा. परवा एका शिबिरात मी मागच्या रांगेत बसले होते आणि पुढे आमचे दिग्दर्शक नव्या मुलांना सांगत होते, की नवरा-बायकोच्या उंचीतला फरक त्यांनी मुद्दाम, फार विचारपूर्वक योजला होता. मुलं सगळं टिपून घेत होती.