मुलाणी सरांचं उभं राहणं

एसटीला उशीर झाला की मुलाणी सरांना फ्रान्स आठवायचा. यवतच्या स्टँडवर घड्याळ बघत ते शांतपणे म्हणत, "एवढ्या येळात तिकडं पूर्वी येक सरकार पडून दुसरं यायचं." ऐकणारा मान डोलवायचा. फ्रान्स कुठं आला, हे विचारायची सोय नव्हती. सर नकाशा काढून दाखवत.

नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते ग्रामपंचायतीवर निवडून आले. मी तिथला ग्रामसेवक. महिला आरक्षणात सरपंच झालेल्या मंदाताई सरांच्याच विद्यार्थिनी. पण सभेत त्यांच्या खुर्चीवर त्यांचे यजमान दत्तूआप्पा बसत आणि ताई दाराशी सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन. प्रोसिडिंगच्या वहीत 'सरपंच अध्यक्षस्थानी होत्या' असं मीच लिहायचो. नोकरी होती, आणि मी काही शूर नव्हतो.

पहिल्याच सभेत सरांनी चष्मा पुसला. "इंग्लंडात राज्य राणीचं आन् कारभार दुसऱ्याचा. आपल्याकडंबी तसंच म्हणा. फकस्त तिथं राणीला खुर्ची देत्यात."

सगळे हसले, आप्पासुद्धा. सर हसले नाहीत आणि बसलेही नाहीत. "सरपंच खुर्चीत बसल्याबिगर मी बसणार न्हाई. भाऊसाहेब, लिहून घ्या." मी पेनात शाई भरत बसलो.

आठ महिने हे चाललं. सुजलेल्या गुडघ्यांवर सर दोन-दोन तास उभे राहत, भिंतीला टेकतही नसत. "अमेरिकेत येकटा सदस्य उभ्यानं भाषण करून अख्खा कायदा आडवून धरतो," ते सांगत.

"सर, ह्यो दौंड तालुका हाय, अमेरिका न्हाई," आप्पा वैतागले.

"म्हणून तर भाषण करत न्हाई. नुसता उभा हाय."

नवव्या सभेत त्यांचे पाय लटपटले. त्यांनी टेबलाची कड धरली. तेव्हा दाराशी मंदाताई पहिल्यांदा बोलल्या, "सर, बसा."

"हुकूम कुणाचा?"

"माझा."

"अध्यक्षांचा हुकूम खुर्चीतनं निघतो, ताई."

ताई उठल्या, टेबलापाशी आल्या. "अहो, उठा. सरांचं पाय थरथरत्यात."

आप्पांनी सगळ्यांकडं पाहिलं. सगळे बशीतल्या चहाकडं बघत होते. आप्पा उठले, ताई बसल्या, मग सर बसले. 'सरपंच अध्यक्षस्थानी होत्या' हे मी त्या दिवशी पहिल्यांदा खरं लिहिलं.

ताईंनी लगेच ठराव मांडला: शाळेजवळ नळ. सगळ्यांचे हात वर गेले, सरांचा नाही. "इरोधात येक मत लिहा, भाऊसाहेब."

मी चक्रावलो. ताईंचा चेहरा पडला, पण त्यांनी खुर्ची सोडली नाही. "कारण सांगा, सर."

सर टेबलाला धरून उठू लागले.

"बसूनच बोला की," ताई म्हणाल्या.

"न्हाई. अध्यक्षांशी समद्या देशांत उभं राहूनच बोलत्यात," सर म्हणाले, आणि मळ्यातल्या वस्तीला नळ आधी का पाहिजे, ते सांगायला उभे राहिले.