उंबऱ्यापासून आत सारवलेली जमीन

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. सत्तावीस वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर होतो. बंद घरातले आवाज, विहिरीवर दिसलेली बाई... अशा बातम्या अधूनमधून यायच्या. मी वार्ताहराला तीन प्रश्न विचारायचो: कुणी पाहिलं, किती वाजता, आणि तू स्वतः तिथे होतास का. तिसऱ्या प्रश्नाला बातमी मरायची. पुढचं लिहिताना मी तेच तीन प्रश्न स्वतःला विचारले आहेत.

अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे जीपने पाऊण तासावर एक वाडी आहे. नाव देत नाही. नोकरी सोडल्यावर मी तिथे राहायला गेलो आणि घराच्या वरच्या चढावर, पाहुण्यांना भाड्याने द्यायला, एका खोलीची, एकाच दाराची केबिन बांधली. कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. वीज सौर पॅनेलची. पाहुण्यांनी शिधा आणायचा, चुलीवर किंवा गोबरगॅसवर स्वतः रांधायचं आणि जाताना भांडी राखेने घासून ठेवायची. साबण चालत नाही, कारण मोरीचं पाणी खालच्या वाफ्यांत जातं.

सारवण, झाडलोट आणि चुलीचं सरपण ही कामं हिराबाई करायची. वय साठीच्या आसपास, घर दहा मिनिटांच्या उतारावर, दारात दोन गाई. सोबत तिची मुलगी कमल असायची. कमल तिशीला आलेली, नवऱ्याने टाकलेली, तोंडाने फटकळ.

"दादा, ही मान्सं घरी रांधायचा कंटाळा येतो म्हनून हितं येत्यात आन् हितं येऊन रांधत्यात," ती एकदा म्हणाली. "त्यांना डॉक्टरला दाखवा."

"गप गं," हिराबाई म्हणाली. "त्यांच्यामुळं तुझी चूल पेटती."

बहुतेक पाहुणे भांडी काळीच ठेवून जायचे. गेल्या माघात एक जोडपं सहा महिन्यांचं बाळ घेऊन आलं. दोन रात्री राहिलं. ते गेल्यावर मी आत पाहिलं, तर पातेली बुडापर्यंत लख्ख, ओट्यावर पालथी, चुलीतली राख भरून ठेवलेली. इतकी स्वच्छ केबिन मला आधी कुणी परत दिली नव्हती. आठवड्याने त्यांचा फोन आला. बाळाला सांभाळायला घरात राहणारी बाई हवी होती, कमल त्यांना आवडली होती. हिराबाईने मला विचारलं, "मान्सं कशी हायेत, दादा?"

मी सांगितलं, चांगली आहेत. पातेली पाहून सांगितलं.

माझ्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव आणि एक मोबाईल नंबर होता. ओळखपत्राची प्रत मी घेतली नव्हती. बातमीतलं प्रत्येक नाव दोनदा तपासून घेणारा माणूस मी. फाल्गुनात कमल त्यांच्या गाडीत बसून गेली. पहिला महिना त्याच नंबरवरून तिचा फोन यायचा. मग आला नाही. मग तो नंबर बंद झाला. कमलला नेताना त्यांनी दिलेल्या पत्त्यावर मी स्वतः गेलो. तिथे त्या नावाचं कुणी राहत नव्हतं, कधी राहिलंही नव्हतं. पोलिसांत बेपत्ताची तक्रार आहे. त्यांनी नंबर काढला, तो तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाला आणि तपास तिथे थांबला.

हिराबाईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. रोज सकाळी ती यायची आणि म्हणायची, "लावा बरं, दादा." मी नंबर लावायचो, फोन स्पीकरवर ठेवायचो. बंद असल्याचा निरोप ती पूर्ण ऐकायची. मग झाडू उचलायची.

पावसाळ्यात केबिन बंद असते. भातकापणी झाल्यावर या हंगामातलं पहिलं बुकिंग आलं, शनिवार दुपारचं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी जमीन झाडली. चार महिन्यांच्या ओलीने पोपडे सुटले होते, ठिकठिकाणी भेगा होत्या. सारवायचं काम शनिवारी सकाळी हिराबाई करणार होती. मी कुलूप लावलं. कुलूप नवीन होतं, त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात.

शनिवारी साडेआठला आम्ही दोघं वर चढून आलो. हिराबाईच्या डोक्यावर शेणाची पाटी होती, माझ्या हातात पाण्याचे दोन कॅन, कारण केबिनचा ड्रम अजून भरला नव्हता. मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि ओल्या शेणाचा वास आला.

जमीन सारवलेली होती. पूर्ण, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ओली.

"कुनी केलं, दादा?"

मला वाटलं तिनेच केलं असेल. मी तसं म्हणालोही. तिने पाटी खाली ठेवली आणि उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिली.

"डावरा हात हाय," ती म्हणाली.

कमल डावखुरी होती. सारवताना प्रत्येक हाताची कमान उमटते. उजव्या हाताची एका बाजूला कलते, डाव्याची दुसऱ्या. हे मला माहीत होतं, कारण मायलेकींचं त्यावरून भांडण मी अनेकदा ऐकलं होतं. उजव्या हाताने सारव म्हटलं की कमल विचारायची, जमिनीला कळतंय व्हय हात कुठला ते?

पण मला दिसली ती दुसरी गोष्ट. ज्यांनी कधी सारवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागे सरकत दाराकडे येते. शेवटचा हात उंबऱ्याजवळ पडतो आणि ती बाहेर होते. दुसरा मार्ग नाही, नाहीतर ओल्यावर पाय पडतो. प्रत्येक नवी कमान आधीच्या कमानीवर थोडी चढते, त्यामुळे क्रम वाचता येतो. मी वाकून वाचला. पहिली कमान उंबऱ्याला लागून होती. तिथून रांगा आत, आणखी आत गेल्या होत्या आणि शेवटची कमान चुलीजवळच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे संपली होती. पाय ठेवण्याएवढीही कोरडी जागा उरली नव्हती. एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

कोपऱ्यात कुणी नव्हतं.

हिराबाईने क्रम माझ्याआधी वाचला असावा. तिने हाक मारली. "कमल." जेवायला बोलावतात तशी, साध्या आवाजात. मग म्हणाली, "आत गेलीय. भायेर यायला जागाच ठेवली न्हाई पोरीनं."

मी फोटो काढले, अकरा. कमानी त्यांत स्पष्ट दिसतात. जमीन वाळेपर्यंत हिराबाईने मला आत पाऊल टाकू दिलं नाही. पाहुण्यांना मी फोन करून नकार कळवला. साडेअकराच्या सुमारास आत गेलो आणि जे तपासता येईल ते तपासलं. खिडक्यांचे लाकडी गज जागेवर, दोन गजांमध्ये माझा हात जेमतेम जात होता. कौलं हललेली नव्हती, खालची जळमटं अखंड होती. ड्रम कोरडा. बादली बाहेरच्या पडवीत पालथी, आत कोळ्याचं घर. कोपऱ्यातली भिंत मी ठोकून पाहिली. ती जेमतेम चार बोटं जाडीची आहे आणि तिच्यामागे खडक आणि करवंदीची जाळी आहे.

शेवटी मी हिराबाईलाच स्पष्ट विचारलं. हे विचारणं चांगलं नव्हतं, पण डेस्कवर असतो तर तिलाच आधी विचारलं असतं. "हिराबाई, खरं सांगा. हे तुम्ही केलंत का?"

ती रागावली नाही.

"दादा, मी केलं असतं तर तिला भायेर यायला वाट ठेवली असती."

मग तिने आणलेलं शेण कालवलं. माझ्या कॅनमधलं पाणी घेतलं. चुलीजवळच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिथून सारवायला लागली, मागे सरकत, प्रत्येक हाताबरोबर काहीतरी पुटपुटत. मी दाराबाहेर होतो. अर्धी खोली झाल्यावर शब्द कळले. "ये. हळू ये. माझ्या मागं मागं ये. पाय भरू दे, भरला तर."

उंबऱ्यावर आल्यावर ती उठून एका बाजूला सरकली. दुसऱ्या कुणाला बाहेर पडायला जागा द्यावी तशी. आणि तशीच उभी राहिली.

जमीन वाळायला दुपारचे तीन वाजले. तोपर्यंत आम्ही दोघं दाराशी होतो. तिने फडक्यात भाकरी बांधून आणली होती, ती सोडली नाही. आत काहीही घडलं नाही. जमिनीवर तिच्याच हाताच्या कमानी होत्या, उजव्या. शेवटची वाळली तेव्हा तिने हाताच्या पंजाने ती तपासली.

"वाळली," ती म्हणाली आणि रिकामी पाटी घेऊन उतारावरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी सवयीने फोन काढला. तिने मान हलवली. "ऱ्हाऊ द्या, दादा." त्यानंतर तिने तो नंबर लावायला सांगितलेलं नाही. केबिनचं बुकिंग मी घेत नाही. ती मात्र दर शनिवारी येते, कोपऱ्यापासून दारापर्यंत सारवते, बाजूला सरकून उभी राहते. मी तिला थांबवत नाही.

फोटो मी दोन जुन्या सहकाऱ्यांना दाखवले. एक म्हणाला, कुणीतरी सारवत आत गेलं असेल आणि भिंतीवरून कडेकडेने बाहेर आलं असेल. पण कुडाच्या भिंतीला बोट अडकवायलाही जागा नाही, आणि कुलूप बाहेरून होतं. दुसऱ्याने फोटो परत पाठवले आणि विषय बदलला. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. एक साक्षीदार मी, दुसरी कमलची आई. एवढ्यावर मी कुणाची बातमी छापली नसती.

गेल्या आठवड्यात तक्रार पाहणाऱ्या हवालदारांचा फोन आला. भला माणूस आहे, महिन्याला एकदा चौकशी करतो. "कमलबाईंच्या केसमध्ये तुमच्याकडं काही नवीन माहिती?"

हिराबाई तेव्हा आत सारवत होती. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नाही."

ती पुन्हा सारवायला लागली.